चुकलेल्या अंदाजाची फेरी

अंदाज चुकला की आमचे भाडेकरू शिव्या खायला जात. हे मी चेष्टेनं लिहीत नाही, ते स्वतःच तसं म्हणत. उन्हं कलली की सायकल ओट्यावरून खाली उतरवायची, पँटच्या पायांना चिमटे लावायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगायचं, "वहिनी, मोशीला जाऊन येतो. शिव्या खायच्या आहेत. माझी भाकरी झाकून ठेवा." दळण आणायला निघालेला माणूस जसं सांगेल, तसं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या ह्यांना पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. चिंचवडात घर आमचं, पण खाणारी तोंडं वाढत होती, म्हणून मागची खोली भाड्यानं द्यायचं ठरलं. तिथं हे भाडेकरू आले. शेतकी खात्यातले. चिंचवडपासून मोशी, चाकणपर्यंत तेव्हा पुष्कळ द्राक्षबागा होत्या. आता तिथल्या उंच इमारतींत राहणाऱ्या माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघून नुसती हसतात. त्या बागांवर लक्ष ठेवायचं, हवा कशी फिरते आहे, कीड कुठं पडते आहे ते बघायचं आणि बागायतदारांना वेळेत इशारा द्यायचा, ही त्यांची नोकरी. बायको-मुलं होती की नव्हती, ते मला कधी नीट कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "गावाकडं असतात," आणि विषय तिथंच थांबे.

आल्या आल्या त्यांनी परसात एक पांढरी पेटी उभी केली. चार उंच पाय, चारी बाजूंना झडपा आणि आत दोन पारे, एक कोरडा आणि एक ओल्या चिंधीत गुंडाळलेला. दोन्हींतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो, असं त्यांनी मला समजावलं. शेजारच्या बायकांना मात्र तो देव्हाराच वाटला. एक दिवस पेटीच्या पायाला हळदकुंकू लागलं, दुसऱ्या दिवशी जास्वंद आलं, तिसऱ्या दिवशी एक मावशी तेलाची पणती घेऊन आल्या. तेव्हा हे खोलीतून बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "फूल चालेल, मावशी. दिवा तेवढा नको. दिव्यानं पारा चढतो आणि चाकणपर्यंत माणसं घाबरतात."

मावशींनी दिवा उचलला, पण पुढं कित्येक दिवस त्या पेटीवरून जाताना पदर डोक्यावर घेत.

इशारा द्यायची त्यांची पद्धत अशी. मोशीच्या चावडीत त्यांनी एक काळा फळा टांगून घेतला होता. चाकणच्या चावडीतही तसाच एक. मोशीच्या फळ्यावर ते स्वतः जाऊन लिहीत. चाकणला एस.टी.च्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देत आणि तिथला तलाठी ती उतरवून काढी. मी मोशीला माहेरी जाई तेव्हा तो फळा मुद्दाम वाचत असे. एकदा त्यावर लिहिलं होतं: 'उद्या ढग येण्याचा संभव. आल्यास केवडा रोग येण्याचा संभव. रोग आल्यास पानांखाली पांढरी बुरशी दिसेल. न दिसल्यास उत्तम.' त्यांच्या लिहिण्यात 'येणार' हा शब्द नव्हताच. म्हणून मोशीची माणसं त्यांना संभवराव म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत, आणि ते ओ देत.

घरातही तेच. सासूबाईंनी विचारावं, "उद्या पापड घालू का हो?" की हे परसात जायचे, पेटी उघडायचे, आभाळाकडं बघायचे आणि बऱ्याच वेळानं परत यायचे. "घाला. ढग येण्याचा संभव आहे. आले तर उचला."

"एवढं तर मलाही कळतं," सासूबाई म्हणत.

"हो ना. मलाही एवढंच कळतं," असं म्हणून ते खोलीत जात.

सासूबाईंना हा उद्धटपणा वाटे. मला वाटत नसे. मला ते दमलेले वाटत. चाळिशीचेच असतील, पण कंबर दुखायची, खुर्चीत बसताना आधी दोन्ही हात खुर्चीवर टेकत आणि मग बसत.

त्यांची छत्री हा आमच्या गल्लीतला चेष्टेचा विषय होता. ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढगाचं चिरगूट नसताना, त्यांच्या सायकलला काळी छत्री बांधलेली असे. आणि पावसाळ्यात हे भिजत घरी येत, छत्री मिटलेलीच. शेवटी न राहवून आमच्या ह्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ती कामाची आहे. ओली झाली तर पोरी कळत नाहीत." पोरी म्हणजे उडद्या. द्राक्षाच्या फुटलेल्या डोळ्यांवर बसून कोवळे कोंब कुरतडणारा बारका भुंगेरा. पहाटेच्या गारठ्यात त्याला उडता येत नाही. त्या वेळी हे बागेत जाऊन छत्री उलटी उघडून वेलीखाली धरत आणि वेल हलवत. जेवढ्या उडद्या छत्रीत पडतील त्यावरून बागेत किती आहेत याचा अदमास घेत. पडलेल्या मारून टाकत, पण छत्रीच्या काड्यांत एखाददुसरी राहून जाई आणि ती आमच्या घरात उन्हं आल्यावर बाहेर पडे. एकदा माझ्या थोरल्याच्या दुधात निघाली. मी रागावले. त्यांनी ती चमच्यानं काढली, उजेडात नेऊन पाहिली आणि विचारलं, "वहिनी, ही सकाळपासून पहिलीच का?"

मला हसू आलं आणि माझा राग तिथंच संपला.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या फेऱ्यांबद्दल. फळ्यावर इशारा लिहिला की बागायतदार मोरचूद आणि चुना कालवून फवारणी करत. माणसं लावावी लागत, विहिरीचं पाणी ओढावं लागे, दोन दिवस सगळं घर राबे. आणि मग कधी कधी ढग येतच नसत. ऊन लख्ख पडे. सगळी मेहनत पाण्यात. अशा वेळी दुसऱ्या कुणी चार दिवस त्या गावाला तोंड दाखवलं नसतं. हे मात्र त्याच संध्याकाळी जात. बागेबागेत जाऊन बांधावर उभे राहत. समोरचा काम करत असेल तर त्याचं काम संपेपर्यंत थांबत. मग तो काय बोलायचं ते बोले. हे मध्ये एक शब्द बोलत नसत, खुलासा देत नसत, माफीही मागत नसत. त्याचं संपलं की "येतो" म्हणत आणि पुढच्या बागेत जात.

परत आले की हात-पाय धुऊन जेवायला बसत. मी विचारी, "काय म्हणाले आज?"

"पाटलांनी माझ्या खात्याला नावं ठेवली. त्यांच्या धाकट्या भावानं मला. चाकणरस्त्याच्या कडेची ती म्हातारी आहे ना, तिनं माझ्या आईला."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं?"

"ऐकायलाच गेलो होतो."

उलटंही होतं, आणि ते जास्त चमत्कारिक होतं. इशारा खरा ठरला, ढग आले, रोग आला, आणि फळा वाचूनही ज्यांनी फवारलं नव्हतं त्यांच्या बागा बसल्या, की हे खोलीचं दार लावून घेत. आठ-आठ दिवस त्या बाजूला फिरकत नसत. फळ्यावरचं लिहायलाही दुसऱ्या कुणाकडून सांगावा धाडत. आमच्या ह्यांना वाटे, आता तर माणसानं ताठ मानेनं जावं. मी तसं एकदा बोलले. तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, चुकलेल्या माणसाला शिव्या देता येतात. बरोबर आलेल्याला काय देणार? त्यांचं गेलेलं असतं आणि मी समोर उभा. मी गप्प राहिलो तरी त्यांना वाटतं, मी मनात हसतोय."

ही सवय कुठून लागली, तेही त्यांनी एकदा सांगितलं. सासूबाई आजारी होत्या, मी त्यांच्या उशाशी बसले होते आणि हे दारात. आधीच्या नेमणुकीच्या गावी त्यांनी एका वर्षी छातीठोकपणे सांगितलं होतं की आता पाऊस नाही, बेदाण्याला द्राक्षं उन्हात घाला. आणि रजा घेऊन घरी गेले. मागं पाऊस झाला. परत गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कुणी आलं नाही. ज्या घरी गेले त्या घरी पाट मांडला, चहा दिला, पाऊसपाण्याचं सोडून इतर सगळं बोलले. "सगळ्या गावानं चहा दिला मला," ते म्हणाले. "बोलले असते तर सुटलो असतो. त्यानंतर तिथं कुणी मला काही विचारलंच नाही. मी वर्षभर होतो त्या गावात, पण तसा नव्हतोच."

आता माझ्या दादाचं सांगते. माझं माहेर मोशीचं. वडील गेल्यावर थोरल्या भावानं बाग सांभाळली. सगळ्यांसारखी त्याची हिरवी भोकरी द्राक्षं होती, पण एका कोपऱ्यात त्यानं एक वेगळाच उद्योग केला होता. बारीक, काळ्या, जाड सालीच्या द्राक्षांचे वेल लावले होते. पुण्यातल्या एका ख्रिस्ती गृहस्थांकडं चर्चमधल्या प्रार्थनेला लागणारी वाइन करण्याचा परवाना होता. दारूबंदीचे दिवस, त्यामुळं असा परवाना फार थोड्यांकडं. त्यांनी दादाला ती रोपं दिली होती आणि माल घ्यायचा शब्दही. गावात लोक त्या कोपऱ्याला 'दारूची बाग' म्हणून हिणवत. माझी आई त्यातलं एक द्राक्ष कधी तोंडात घालायची नाही. दादा मात्र त्या वेलींवर जीव टाकायचा. सगळे करतात ते सोडून आपण काहीतरी वेगळं केलंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

त्या काळ्या द्राक्षांची अडचण एकच. खायची द्राक्षं गोडीला आली की तोडून मोकळं होता येतं. वाइनची द्राक्षं साखर पुरती भरेपर्यंत वेलीवर राहू द्यावी लागतात, सगळ्यांच्या बागा रिकाम्या झाल्या तरी. आणि नेमक्या त्याच दिवसांत, होळीच्या पुढं-मागं, आमच्याकडं गारा पडायची भीती.

पहिला माल धरला त्या वर्षी दादा आमच्याकडं आला. ओट्यावर बसला. परसातून हे आले. दादा म्हणाला, "साहेब, दोन दिस झालं हवा कोंदलीय. माल अजून आंबट हाय. तोडू का ठिवू, एवढंच सांगा."

"दुपारनंतर ढग जमण्याचा संभव आहे. जमल्यास–"

"संभव फळ्यावर वाचला मी. तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

दादा उठून त्यांच्या समोर उभा राहिला. "माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?"

मला आठवतं, ते दादाकडं न बघता माझ्याकडं बघत होते. मी दादाची बहीण आणि त्यांना रोज वाढणारी. मला काय कळत होतं? शेवटी ते म्हणाले, "तोडा."

दादानं दुसऱ्या दिवशी माणसं लावून सगळा काळा माल उतरवला. पुण्याच्या गृहस्थांनी रस काढून त्यात साखर मोजायची काचेची नळी सोडून पाहिली, साखर कमी भरली. सभ्य माणूस, त्यांनी माल परत केला नाही, पण भाव पाडून घेतला. आणि त्यानंतर आभाळ असं स्वच्छ झालं की विचारू नये. रोज निळं, रोज कोरडं. गारा तर नाहीतच, साधा शिंतोडा नाही. धुणं वाळत घालताना मी वर बघायची आणि मला त्या आभाळाचा राग यायचा.

हे अर्थातच मोशीला गेले. परत आले ते नेहमीपेक्षा लवकर. हात-पाय धुतले नाहीत. तसेच ओट्यावर बसले. मी भाकरी वाढू का विचारलं, तर म्हणाले, "चहा दिला."

"कुणी?"

"तुमच्या भावानं. मी बांधावर उभा राहिलो. ते खुरपत होते. त्यांनी बायकोला हाक मारली, साहेबांना चहा आण म्हणाले. मी प्यालो. ते म्हणाले, सायकलचं चाक वाकलंय, बघून घ्या. बस्स."

त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढं वर्षभर दादा आमच्याकडं आला की माझ्याशी, मुलांशी बोलायचा आणि ते परसात असले की ओट्यावरूनच परत जायचा. वाईट बोलायचा नाही. "कसं काय साहेब, बरं हाय ना," एवढं विचारायचा. तेच जड होतं. मी दोघांच्या मध्ये. एकाला भाऊबिजेला ओवाळायचं, दुसऱ्याला रोज जेवायला वाढायचं. आमच्या ह्यांनी मला सांगितलं, "तू त्यात पडू नकोस." न पडायला मी बाहेर कधी होते?

दुसऱ्या वर्षी वेलींनी भरभरून माल धरला. दादाची बायको मला सांगत होती की हा रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यात जाऊन एकेक घड हातात घेऊन बघतो. होळी झाली. हवा पुन्हा कोंदली. ह्या वेळी हे फळ्यापाशी गेले आणि त्यांनी लिहिलं: 'गारपिटीचा संभव. उभा माल उतरवून घ्यावा.' एवढंच. जर-तर काही नाही. दादानं तो फळा वाचला. बरोबरच्या माणसाला म्हणाला, "संभवराव जरा धीट झाल्यात," आणि माल तसाच ठेवून बागेत पाणी धरलं.

आमच्याकडं चिंचवडात त्या दुपारी नुसता वारा आणि थोडा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोशीचा दूधवाला आला तो मापं ओट्यावर ठेवून उभाच राहिला. "ताई, तुमच्या माहेरी गारांचा खच हाय. बाग पार झोडपली."

माझ्या मागं खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला.

आमच्या ह्यांची पहिली पाळी, ते कामावर गेलेले. धाकट्याला मी सासूबाईंकडं दिलं, लुगडं बदललं आणि मोशीला निघाले. निघताना काय वाटलं कोण जाणे, मी मागं जाऊन त्यांच्या दारावर थाप मारली.

"मी दादाकडं चाललेय," मी म्हटलं. "काही सांगायचंय?"

आतून आवाज आला, "माल गेला असेल. पण काड्यांना जखमा झाल्या असतील. आज दिवसभरात मोरचूद-चुना मारला पाहिजे. नाहीतर जखमांतून बुरशी शिरेल आणि वेलच जातील. पुढचं वर्षही जाईल. त्यांना सांगा."

"माझं ऐकतोय तो? तो आज कपाळाला हात लावून बसला असेल."

"फळ्यावर लिहायला सांगतो कुणाला तरी."

"आज फळा वाचायला कोण जाणार आहे, साहेब?" मी म्हटलं. मी चिडले नव्हते. मला फक्त थकवा आला होता, त्यांचा, दादाचा, त्या पेटीतल्या दोन पाऱ्यांचा. "तुम्ही चुकल्यावर जाता, ते तुमच्या मनासाठी. आज त्याच्या वेलींसाठी चला."

मी वळले. नाक्यापर्यंत पोचले नाही तोच मागून सायकल हातात धरून हे आले. कॅरिअरला मोरचुदाची पिशवी बांधलेली. पुढं एक ओळखीची बैलगाडी मिळाली, तिच्यात मी बसले आणि हे मागून सायकलवर.

बाग बघवत नव्हती. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. काळ्या कोपऱ्यात जमीन दिसत नव्हती, सगळीकडं फुटलेली द्राक्षं, आणि उन्हानं त्यांना आंबूस वास सुटायला लागला होता. सावलीतल्या सऱ्यांत अजून गारांचे ढीग होते. दादा विहिरीच्या काठावर बसला होता. माझी वहिनी पोरं घेऊन घरात. मला बघून दादा उठला नाही. मग त्याला माझ्या मागचे हे दिसले.

"काय बघायला आलात?" तो म्हणाला.

त्यांनी कोट काढून पांगाऱ्याच्या फांदीला अडकवला. गोठ्याशी जाऊन एक लाकडी पिंप ओढत आणलं. विहिरीतून पाणी शेंदलं. मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत सोडलं. दुसरीकडं चुना भिजत घातला. सगळं स्वतः, वाकून, त्या दुखऱ्या कमरेनं. दादा बघत होता.

"आता कशापायी? आता काय ऱ्हायलंय?"

"लाकूड राहिलंय."

"आन् ते जगंल कशावरून? संभव हाय व्हय?"

ते उभे राहिले. हाताला चुना लागलेला. म्हणाले, "संभव नाही. आज फवारलं तर वेल राहतील. नाही फवारलं तर जातील. हे मला ठाऊक आहे."

तेव्हा दादाचा बांध फुटला. आमच्या घरात वडिलांसमोर कधी कुणी आवाज चढवला नव्हता, आणि मी माझ्या भावाच्या तोंडून तसे शब्द पूर्वी ऐकले नव्हते. त्यांच्या खात्यापासून त्यांच्या बापापर्यंत त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. गेल्या वर्षीचं सगळं काढलं. बरोबर होतात तर मग घरी येऊन का नाही सांगितलंत, माझ्या हातातून विळा घेऊन का नाही तोडलंत, भिताडावर लिहून मोकळं होताय काय, असं काय काय. बोलता बोलता तो रडायला लागला आणि रडतानाही बोलतच होता. हे चुन्याचं पाणी ढवळत होते. दोन्ही पाणी एकत्र ओतलं, त्यात विळ्याचं पातं बुडवून बाहेर काढलं, उन्हात धरलं, तांबूस आलं म्हणून आणखी चुना घातला. पुन्हा पातं बुडवलं.

दादा थांबला. नाक पुसलं. मग गोठ्यात गेला आणि पंप घेऊन आला. "तुमी ढवळा," तो म्हणाला, "मारायचं मी बघतो. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

दिवस मावळेपर्यंत दोघं त्या कोपऱ्यात होते. मी पाणी शेंदून देत होते. नंतर वहिनीही आली. अंगावर, केसांत सगळीकडं निळसर डाग. आमच्या मोशीत त्या दिवशी आणखी चार बागांतून बोलावणं आलं आणि हे त्या चारी ठिकाणी गेले. कुठं काय ऐकावं लागलं ते मी या खेपेला विचारलं नाही.

वेल राहिले. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना नवी फूट आली तेव्हा दादानं एक कोंब तोडून माझ्याकडं पाठवला आणि मी तो साहेबांच्या टेबलावर पाण्यात ठेवला. त्यांनी तो पुष्कळ वेळ उलटापालटा करून पाहिला. कीड शोधत असावेत.

पण बागा कमी होत चालल्या होत्या. कुणी जमीन विकली, कुणी द्राक्ष मोडून ज्वारी केली, घरटी एक माणूस कारखान्यात जायला लागला. एवढ्याशा बागांसाठी माणूस कशाला, असं वर कुणाला तरी वाटलं असणार. त्यांची बदली झाली, लांब, उसाच्या मुलखात. एका माणसानं येऊन परसातली पेटी सोडवली आणि हातगाडीवर घालून नेली. खाली जमिनीत चार खड्डे राहिले, तिथं सासूबाईंनी अळू लावलं.

त्यांचं सामान न्यायला दादा आपणहून बैलगाडी घेऊन आला. सामान म्हणजे एक ट्रंक, वळकटी, सायकल. स्टेशनपर्यंत मीही गेले. आगगाडीला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर हे बसले, आधी हात टेकून. दादा उभा. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग दादा म्हणाला, "साहेब, दाजी म्हणत्यात कारखान्यात जागा निघाल्यात. शब्द टाकतो म्हणत्यात. मी काय करू? बाग ठिवू का काढू?"

ह्या प्रश्नाला ते काय म्हणतील, मला वाटलं मला माहीत आहे. ढग आल्यास, भाव राहिल्यास. ते दादाकडं बघत राहिले. त्याच्या हातांकडं, त्याच्या पिकलेल्या कल्ल्यांकडं. दादा तेव्हा पस्तिशीचा होता.

"काढा," ते म्हणाले. "दमलात तुम्ही."

आगगाडी आली, आम्ही सामान चढवलं. ते खिडकीशी बसले, हात जोडले आणि गाडी हलायच्या आतच दुसरीकडं बघायला लागले.

परतताना दादा बैलांना हाकत नव्हता की त्यांच्याशी बोलत नव्हता. कासरा नुसता मांडीवर पडला होता. दादा दमलाय हे मी इतकी वर्षं बघत होते आणि ते म्हणायचं मला सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. बैल आपापले चालत होते. फाट्यावर आल्यावर ते चिंचवड गावाकडं न वळता मोशीच्या रस्त्याला लागले आणि बरंच अंतर गेले, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. शेवटी मी त्याच्या खांद्याला हात लावला.

"दादा," मी म्हटलं, "आधी मला घरी सोड."